हजारी चार : प्रस्फुरक काचेच्या शास्त्राची प्रस्तावना

वैभववाडीहून तळेऱ्याच्या वाटेने निघून मुंबई-गोवा महामार्ग गाठला आणि थोडे दक्षिणेस वळले, म्हणजे कासार्ड्याच्या परिसरात जे शुभ्र ढीग दृष्टीस पडतात, ते परक्या माणसास प्रथमदर्शनी मिठाचे किंवा चुन्याचे वाटावेत. परंतु ती सिलिका वाळू होय, हे या मुलखातील शाळकरी पोरासही ठाऊक असते. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या ज्वालामुखी रसापासून झाला त्याहून कित्येक कोटी वर्षांनी वडीलधारा असा हा वालुकाश्म, ज्यास भूशास्त्रज्ञ कलादगी श्रेणीत घालतात, येथे जमिनीच्या पोटातून डोके वर काढतो. तो फोडून, दळून, धुऊन जी वाळू निघते ती डंपरांत भरून ओतशाळांच्या साच्यांकडे आणि काचेच्या भट्ट्यांकडे रवाना होते. तिच्यापासून पुढे बाटली झाली की खिडकीचे तावदान झाले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ज्या काचेची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे, तिच्यातही वजनाने निम्म्याहून अधिक भाग सिलिकाच असतो. मात्र ती काच बाटलीची नव्हे, तावदानाची नव्हे आणि चष्म्याचीही नव्हे.

मराठी माणसास काचेचा धंदा नवा नाही. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला, तेव्हा स्वदेशीच्या चळवळीत बोलणारे पुष्कळ आणि भट्टी पेटविणारे थोडे अशी स्थिती होती. त्यामुळे त्या भट्टीचे मोल तिच्यातून निघालेल्या मालावरून ठरविणे अन्यायाचे होईल. पुढे १९१६ साली कऱ्हाडनजीक ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला आणि त्याचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या ओटीओटीवर टांगला गेला. आमच्या घरी दिवेलागणीपूर्वी कंदिलाची काच राखेने पुसण्याचे काम मुलांकडे असे, आणि पावसाळ्यात तापलेल्या काचेवर वळचणीचा एक थेंब पडला की ती तडकून सर्वांचा रोष आमच्यावर ओढवे. त्या काचेचे कर्तव्य एकच होते : वातीचा उजेड अडवू नये आणि वाऱ्यास आत येऊ देऊ नये. आजवर आपण काचेकडून हीच अपेक्षा केली, की तिने स्वतः काही न करता मधून दूर व्हावे. प्रस्फुरक काचेस याहून वेगळे फर्मान आहे. तिने अदृश्य किरणाचा आघात सोसावा, त्या आघातातून स्वतःच्या अंगी उजेड उत्पन्न करावा, आणि तो उजेड स्वतःच गिळून न टाकता बाहेरही जाऊ द्यावा. उजेड उत्पन्न करणे आणि तो बाहेर जाऊ देणे ही दोन कामे एकमेकांच्या मुळावर येणारी आहेत, आणि या शास्त्राचा सर्व इतिहास म्हणजे त्यांच्यात घडवून आणलेल्या तडजोडींचा इतिहास आहे.

इंग्रजीत ज्यास सिंटिलेटर म्हणतात त्यास मी प्रस्फुरक म्हणतो. ‘चमक’ हा घरगुती शब्द अर्थाच्या दृष्टीने वाईट नाही. पण त्यापासून पुढील साधित शब्द नीट होत नाहीत, एवढ्याचसाठी तो सोडला. मिरगाच्या आधीच्या रात्री आईन-किंजळीच्या झाडांवर काजवे लुकलुकतात, तितपत क्षीण आणि क्षणिक उजेड म्हणजे प्रस्फुरण, असे मनात धरले तरी आरंभास पुरे. मात्र काजव्याची एक लुकलुक जेथे सेकंदाच्या हिशेबाने मोजावी लागते, तेथे या काचेची लुकलुक सेकंदाच्या कोट्यंशांत आटोपते. १९०३ साली विल्यम क्रुक्स याने जस्त सल्फाइडाच्या पडद्यावर रेडियमचा कण ठेवून भिंगातून पाहिले, तेव्हा त्यास एकेका आल्फा कणागणिक एकेक ठिणगी दिसली. मँचेस्टर येथे रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी १९०९ च्या सुमारास याच ठिणग्या डोळ्यांनी मोजल्या, आणि त्या मोजणीतून अणूच्या गाभ्याचा पत्ता लागला. अंधाऱ्या खोलीत आधी डोळे सरावण्यासाठी बसून राहावयाचे आणि मग डोळे शिणेपर्यंत ठिणग्या टिपावयाच्या, हे काम ज्याने केले त्यास पुढे विजेवर चालणारा गणक शोधून काढण्याची इच्छा व्हावी, यात आश्चर्य नाही. गायगरचे नाव आज त्या गणकामुळेच सर्वतोमुखी आहे. डोळ्याचे काम प्रकाशगुणक नळीकडे सोपविण्यात आले ते १९४० नंतरच्या दशकात. त्यानंतर १९४८ साली रॉबर्ट हॉफस्टॅटर याने थॅलियमचा अंश घातलेल्या सोडियम आयोडाइडाच्या स्फटिकाचा गुण दाखवून दिला, आणि या क्षेत्रात स्फटिकाची जी सद्दी सुरू झाली ती अद्यापि संपलेली नाही. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही असे स्फटिक वाढविले जातात.

स्फटिक इतका गुणी असता काचेच्या वाटेस कोणी का जावे, असा प्रश्न सुज्ञ वाचक करील. त्याचे उत्तर न्यूट्रॉन या कणात आहे. आल्फा, बीटा हे विद्युत्भारित कण. ते द्रव्यात शिरले की इलेक्ट्रॉनांची ढकलाढकल करीत जातात आणि आपला माग ठेवतात. न्यूट्रॉनास विद्युत्भार नाही. तो अणूंच्या वस्तीतून असा जातो, की जणू त्याचे कोणाशी घेणेदेणे नाही. त्यास बोलते करावयाचे तर एखाद्या अणुगर्भाने त्यास गिळून, त्या क्षोभात भारित कण बाहेर फेकले पाहिजेत. हे काम लिथियम-६ हा समस्थानिक उत्तम करतो : मंदगती न्यूट्रॉन पोटात पडताच त्याचे दोन तुकडे होतात, एक आल्फा कण आणि दुसरा ट्रायटन, म्हणजे ट्रिटियम या जड हायड्रोजनाचा अणुगर्भ, आणि दोघांत मिळून ४७.८ लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा वाटली जाते. निसर्गातील लिथियमात या समस्थानिकाचा वाटा शेकडा साडेसात एवढाच. म्हणून तो निवडून त्याचे प्रमाण शेकडा पंचाण्णवपर्यंत वाढवावे लागते. याच समस्थानिकापासून ट्रिटियम होते आणि ट्रिटियमाचा संबंध हायड्रोजन बाँबशी पोहोचतो, या कारणाने सरकारे त्याच्या व्यापारावर करडी नजर ठेवतात. आता लिथियम ही धातू काचेत किती सहज विरघळते हे काच कारागिरास सांगावयास नको. अमेरिकेच्या नौदल संशोधनशाळेत गिंथर आणि शुलमन यांनी १९५८ च्या सुमारास सिरियम घातलेल्या काचा प्रस्फुरतात हे प्रसिद्ध केले, आणि लागलीच लिथियम घालून न्यूट्रॉन पकडण्याकडे त्यांचा मोर्चा वळला. आज जीएस-२० या नावाने जी काच सर्वत्र प्रमाण मानली जाते, तिचा मसाला असा : सिलिका ५६ भाग, ॲल्युमिना १८, लिथियम ऑक्साइड १८, मॅग्नेशिया ४ आणि सिरियम ऑक्साइड ४. इतक्या साध्या जिनसा. घटकांची यादी वाचून कोणासही वाटावे की हे काम ओगलेवाडीसही जमले असते.

परंतु जमाखर्च मांडला म्हणजे डोळे उघडतात. एका न्यूट्रॉनामागे काचेच्या खाती ४७.८ लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट जमा होतात. सिरियमाचा जांभळट उजेड सुमारे ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे त्याच्या एका प्रकाशकणाची किंमत तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून किंचित अधिक. जमेची सर्व रक्कम उजेडाच्या नाण्यात मोडून मिळती, तर पंधरा लक्ष प्रकाशकण हाती पडते. प्रत्यक्षात पडतात सुमारे सहा हजार, हजारी चार. उरलेले नऊशे शहाण्णव उष्णतेच्या रूपाने कोठे जिरले याचा थांग लागत नाही. कोणत्याही वतनदाराने आपल्या कारकुनास अशा हिशेबाबद्दल तत्काळ बडतर्फ केले असते. सोडियम आयोडाइडाचा स्फटिक गॅमा किरणाच्या ऊर्जेतून शेकडा अकरा परत देतो. न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे, की आल्फा आणि ट्रायटन हे जड कण आपल्या मार्गावर एवढी दाटी करतात की त्या गर्दीतच पुष्कळ ऊर्जा वाया जाते. हलक्या इलेक्ट्रॉनाने तीच ऊर्जा दिली तर काच जवळजवळ तिप्पट उजेड देते. तरीही हजारी बारा म्हणजे काही मोठी वसुली नव्हे.

ही गळती कोठे होते? मला वाटते, या विषयाचे सारे मर्म या एका प्रश्नात आहे, आणि म्हणून येथे थोडे थांबणे अवश्य आहे. आमच्याकडील पोफळीच्या बागेत पाण्याचे पाट आखलेले असतात. वरच्या बांधावर पाणी सोडले की ते पाटापाटाने शेवटच्या झाडाच्या आळ्यापर्यंत पोहोचते. स्फटिकाची रचना अशी आहे. त्यात अणूंच्या रांगा लागलेल्या, अंतरे ठरलेली. किरणाने जागविलेली ऊर्जा त्या रांगांतून वाहत जाऊन जेथे प्रकाश देणारा अणू बसला असेल तेथे पोहोचते. उलट तेच पाणी सड्यावर ओतले तर काय होते ते ज्याने पावसात कोकणचा सडा पाहिला आहे त्यास ठाऊक आहे : कातळातील हजारो लहानमोठ्या खळग्यांत त्याची डबकी होतात आणि ते तेथेच आटून जाते. काच म्हणजे असा सडा. ती दिसावयास घन, पण तिच्या अणूंची मांडणी द्रवाची. वितळलेला रस थिजताना अणूंना रांग धरण्यास अवधीच मिळालेला नसतो. त्या अव्यवस्थेतील प्रत्येक तुटका बंध, प्रत्येक वाकडा कोन हा एक खळगा आहे. इलेक्ट्रॉन निघतो, पण सिरियमाच्या दारी पोहोचण्यापूर्वीच कोठेतरी अडकतो. आणि कधी अडकलेला इलेक्ट्रॉन फार उशिरा सुटून, मूळ घटना संपून गेल्यावर, अवेळी उजेड देतो, ही आणखी निराळी डोकेदुखी. सिरियम अधिक घालून आळी जवळजवळ केली तर? काही मर्यादेपर्यंत लाभ होतो. पुढे सिरियमाचे अणू एकमेकांनाच ऊर्जा देऊघेऊ लागतात, एकाने दिलेला उजेड दुसरा शोषून घेतो, आणि जमेपेक्षा खर्च वाढतो.

आणि सिरियमाचे म्हणजे तरी एकच रूप आहे काय? या मूलद्रव्याचे तीन इलेक्ट्रॉन गेले तर ते प्रकाश देते. चौथाही गेला तर प्रकाश देत नाही, इतकेच नव्हे तर स्वतः पिवळट होऊन शेजाऱ्याचा प्रकाशही खाते. हवेत वितळविलेल्या काचेत ही दोन्ही रूपे नांदतात. म्हणून भट्टीतील वातावरणात ऑक्सिजनाचा दुष्काळ पाडावा लागतो, कधी कोळशाचा अंश घालून, कधी हायड्रोजनयुक्त वायू सोडून. आणि हा दुष्काळ फार पडला तर मसाल्यातील इतर घटक बिघडू लागतात. ही तारेवरची कसरत हजाराहून अधिक अंश तापमानाच्या भट्टीत, मुशीचा एक कणही रसात न उतरू देता, करावयाची. त्यातून लिथियम विपुल असलेला रस निवताना स्फटिकावयास टपलेला असतो. हात संथ चालला तर काच दुधाळ होते, घाईने चालला तर ताणाने तडकते. हस्तकौशल्याचा हा भाग लेखांत फारसा उतरत नाही. शोधनिबंधांतून ‘योग्य रीतीने निवविले’ एवढ्या तीन शब्दांत त्याची बोळवण केलेली असते, आणि नव्या माणसाचे सहा महिने त्या तीन शब्दांत जातात.

येथे मला पुन्हा कासार्ड्याच्या ढिगाकडे यावे लागते. कोकणची भूमी लोहाची आहे. जांभ्याची लाली ती लोहाची लाली, आणि पांढऱ्या वालुकाश्मावर वरून हीच लाल माती पाझरत असते. वाळू धुण्याचा खटाटोप पुष्कळसा तिच्यापायी. बाटलीच्या काचेस थोडे लोह चालते, फार तर हिरवी झाक येते. पण प्रस्फुरक काचेत लोहाचा अत्यल्प अंशही घातक, कारण ज्या ३८० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात सिरियम उजेड देते, नेमका तेथेच लोहाचा डोळा असतो. म्हणून या काचेसाठी वाळू खाणीतून उचलून चालत नाही. रसायनशाळेत शुद्ध केलेली सिलिका लागते. आमच्या वाळूपासून प्रस्फुरक काच झाली असा दावा मी करीत नाही, आणि उगाच अभिमानाने कोणी करू नये. मात्र त्या ढिगापासून त्या काचेपर्यंत किती अंतर आहे हे ज्यास नीट मोजता येईल, त्यास निम्मे शास्त्र आले असे मी समजतो.

याहून चमत्कारिक गोष्ट सिरियमाची आहे. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत सिरियम विपुल सापडते. ती वाळू वेगळी करून तिच्यातील द्रव्ये काढण्यासाठी सरकारने १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही संस्था स्थापिली. पण त्याच मोनाझाइटात थोरियम असते, आणि थोरियम किरणोत्सारी आहे. सिरियम काढताना थोरियमाचा लेशही मागे राहिला, तर काच बाहेरचा किरण नसतानाही आपल्याच पोटातील आल्फा कणांमुळे चमकत राहते. चोर पकडण्यास ठेवलेल्या रामोश्याने स्वतःच्याच सावलीवर हाकाटी करावी, त्यातला हा प्रकार. विरळ न्यूट्रॉन मोजावयाचे असतील तेव्हा अशी खोटी नोंद एकही परवडत नाही. म्हणून अशा कामासाठी थोरियम निपटून काढलेले सिरियम निराळे तयार करावे लागते. तेच सिरियम अन्यत्र मात्र प्रामाणिक सेवक ठरते : किरणोत्सारी द्रव्ये हाताळण्याच्या जाड भिंतीआडच्या कोठड्यांना जी शिसेयुक्त काचेची खिडकी असते, ती किरणांच्या माऱ्याने तपकिरी पडू नये म्हणून तिच्यातही सिरियमच घालतात. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने आपल्या अणुऊर्जा खात्यासाठी अशा खिडक्यांच्या काचेवर काम केले आहे. त्या काचेने उजेड द्यावा अशी अपेक्षा नाही. तिने केवळ निर्मळ राहावे.

गॅमा किरण हा या काचेचा दुसरा वैरी. न्यूट्रॉनाने दिलेली चमक आणि सोळा लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या इलेक्ट्रॉनाने दिलेली चमक काचेस सारखीच वाटते. सबब तेवढ्या ऊर्जेचा गॅमा किरण न्यूट्रॉनाचे सोंग आणू शकतो. त्यावर युक्ती अशी, की काच पातळ ठेवावी. एक मिलिमीटर जाडीची पट्टी मंदगती न्यूट्रॉनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पकडते, आणि गॅमाने उडविलेला वेगवान इलेक्ट्रॉन मात्र आपली सर्व ऊर्जा देण्यापूर्वीच तीतून निसटतो.

इतके दोष सांगितल्यावर गुण सांगणे प्राप्त आहे, आणि गुण थोडे असले तरी भरीव आहेत. सोडियम आयोडाइड हवेतील ओलाव्याने विरघळते. आमच्या आषाढात तो स्फटिक उघडा ठेवला तर दुसऱ्या दिवशी त्याची खारट चिकी झालेली दिसेल. काचेस ओल बाधत नाही, आम्ल फारसे बाधत नाही, खनिज तेलाच्या खोल विहिरीतील उष्णताही ती सोसते. तिची चकती करा, पट्टी करा, केसासारखा तंतू ओढा. स्फटिकाप्रमाणे आठवड्यांवर आठवडे वाढीची वाट पाहणे नको. शिवाय तिची चमक सेकंदाच्या कोट्यंशात मावळत असल्यामुळे न्यूट्रॉन कोणत्या क्षणी आला हे ती अचूक सांगते. हेलियम-३ या वायूने भरलेल्या नळ्या न्यूट्रॉन मोजण्यास याहून सरस होत्या. परंतु तो वायू ट्रिटियमाच्या क्षयातून मिळतो, आणि २००९ च्या सुमारास त्याची जगभर टंचाई झाली, तेव्हा आजवर दुय्यम समजलेल्या या काचेकडे पुष्कळांचे लक्ष एकाएकी वळले. गुणवंत गैरहजर असता दुय्यमास बढती मिळते, हा केवळ कचेरीतील न्याय नव्हे.

आमच्या शेजारच्या राजापूर तालुक्यात जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पावरून जो वाद वर्षानुवर्षे चालला आहे, त्यामुळे या भागात किरणोत्सार हा शब्द उच्चारताच ऐकणारा तत्काळ कोणत्यातरी पक्षास जाऊन मिळतो. त्या वादात शिरणे माझे काम नव्हे. परंतु ज्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या घरात आपण राहतो त्यातही युरेनियम-थोरियमचे सूक्ष्म अंश असतात, आणि दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात २०१० साली आलेल्या कोबाल्ट-६० ने एका माणसाचा जीव घेतला तेव्हा ते द्रव्य बाजारात पोहोचेपर्यंत कोणास कळले नव्हते. या दोन टोकांमधील फरक डोळ्यास दिसत नाही, तो मोजावाच लागतो. दोन्ही पक्षांनी आपापली मोजणीची साधने जाणून घ्यावीत, एवढी अपेक्षा करण्यास हरकत नसावी.

अलीकडे काचेपुढे आणखी एक काम येऊन पडले आहे. कणत्वरकांभोवती उभारावयाच्या अवाढव्य ऊर्जामापकांसाठी घनतेने जड आणि किमतीने हलके असे प्रस्फुरक शेकडो टन हवे असतात. जिनिव्हाजवळच्या सीएमएस या कणशोधक यंत्रणेत शिसे टंगस्टेटाचे पंचाहत्तर हजारांहून अधिक स्फटिक बसविले. त्या वेळी काचेचाही विचार झाला होता, पण किरणांच्या माऱ्यात ती लवकर काळवंडते म्हणून तिला नकार मिळाला. आता गॅडोलिनियम घालून घनता पाण्याच्या सहापट करण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि दहा लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांमागे हजारभर प्रकाशकण मिळू लागले आहेत. जड काच आणि उजळ काच हे पुन्हा परस्परविरोधी हुकूम. भारी अणू घालावे तो उजेड मंदावतो.

पुढील प्रकरणे वाचणाराने प्रारंभी एक सोपा प्रयोग करून पाहावा. दुकानदार नोटा पारखण्यासाठी जो जांभळा दिवा वापरतात, तो सिरियम घातलेल्या काचेच्या तुकड्यावर अंधारात धरला की तुकडा निळसर तेजाने उजळतो. किरणाने जे एका क्षणात आणि क्षीण होते, तेच येथे डोळ्यास सावकाश पाहावयास मिळते. तुकडा हाती आला तेव्हा मी तो दिवा प्रथम त्याच्यावर धरला, आणि मग माळ्यावरून काढलेल्या आमच्या जुन्या कंदिलाच्या काचेवरही धरून पाहिला. ती काळोखातच राहिली. तिच्यावरची राख मात्र अजून पुरती निघालेली नव्हती.